एकोणीसपैकी चौदा संध्याकाळी

माझी मुलगी २००६च्या जूनमध्ये अ‍ॅरिझोनात, चँडलरला जन्मली. हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं त्या दुपारी कार सीटचं बकल इतकं तापलं होतं की नवऱ्याने त्यावर ओला नॅपकिन दाबून धरला आणि मगच तिला आत ठेवलं. तिसऱ्या आठवड्यापासून ती रोज संध्याकाळी पाच वाजता रडायला लागली. पाच म्हणजे पाच. आठ वाजेपर्यंत ती थांबायची नाही. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, रडून रडून आवाज बसायचा, तरी रडायची.

डॉक्टर म्हणाली, कॉलिक आहे, तान्ह्या बाळांची पोटदुखी, तीन-चार महिन्यांत आपोआप जाईल. माझी आई नागपूरहून बाळंतपणासाठी आली होती. तिने पोटाला हिंग लावला, ओव्याचा शेक दिला, दृष्ट काढली. कशानेही फरक पडला नाही. ऑगस्टमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी ठरली आणि आईला तिकीट बदलून परत जावं लागलं. नवरा चिप बनवणाऱ्या कारखान्यात बारा तासांच्या शिफ्टवर असायचा, त्याला घरी यायला सात वाजून जायचे. म्हणजे पाच ते सात मी आणि ती, दोघीच. बाहेर ऊन एवढं की तिला घेऊन फाटकापर्यंतही जाता येत नसे. नागपुरात मी दोन वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली होती. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. घड्याळात चार वाजले की मी हातातली कामं टाकून तिच्याकडेच बघत बसायची.

तीन गल्ल्या सोडून एक काका-काकू राहायचे. काका सत्तरच्या दशकात नागपूरहूनच आलेले, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. काकू आठवड्यातून दोनदा माझ्यासाठी मुगाची खिचडी नाहीतर मेथीची भाजी घेऊन यायच्या. एकदा त्यांच्याबरोबर काकाही आले. वेळ नेमकी साडेपाचची. काका दारातच उभे राहिले, तिचं रडणं ऐकत राहिले आणि तिथूनच परत गेले. दुसऱ्या दिवशी चारला ते एकटे आले आणि माझ्या हातात एक सीडी ठेवली. "ही लावून बघ," ते म्हणाले. "औषध नाही. पण अपायही नाही."

काकांच्या घरी पाश्चात्त्य संगीताच्या सीड्यांनी एक अख्खी भिंत भरली होती, हे मला माहीत होतं. ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा ते हळू आवाजात काहीतरी लावून ठेवायचे, असं काकू सांगायच्या. ही सीडी साध्या पारदर्शक डबीत होती. वर कव्हर नाही, आत पुस्तिका नाही. तबकडीवर एका फिनिश संगीतकाराचं नाव होतं आणि त्याखाली दोन लांबलचक शब्द, काही अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं असलेले. काका म्हणाले, हा माणूस अजून हयात आहे, त्याच्या देशाबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नाही. मी शब्दांचा अर्थ विचारला नाही. मला अर्थ नको होता, झोप हवी होती.

संगीत साधं होतं. एकच चेलो. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणावा असं हे वाद्य, बसून वाजवायचं. त्यावर एक छोटी सुरावट सुरू व्हायची, जरा वर चढायची, थबकायची, आणि पुन्हा खाली येऊन टेकायची. मग तीच पुन्हा. मग पुन्हा. मागे बाकीची तंतुवाद्यं अगदी हळू, कोणी झोपेत श्वास घ्यावा तशी. मूल खांद्यावर घेऊन कुणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतंय, असं मला ऐकताना वाटायचं. पहिल्या दिवशी चौथ्या-पाचव्या वेळेला तिचं रडणं कमी झालं. दहाव्या वेळेच्या सुमारास ती झोपली. मी पाय न वाजवता जाऊन प्लेअर बंद केला आणि तिथेच कार्पेटवर बसून रडले.

मग रोज तेच. कॉलिक गेला तरी सवय राहिली, दुपारच्या झोपेलाही तीच सीडी लागायची. पण ती झोपली की मी लगेच सीडी बंद करायची, कारण त्या घरात मला सगळ्यात जास्त हवी होती ती शांतता. कपड्यांच्या घड्या, भांडी, आंघोळ, सगळं त्या तासाभरात उरकायचं असे. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी ही गोष्ट होती: ते संगीत मी शेवटपर्यंत एकदाही ऐकलं नव्हतं.

पुढच्या जानेवारीत, मुलगी सात महिन्यांची असताना, मी ते इंटरनेटवर टाकलं. व्हिडिओ चढवायच्या साइट्स तेव्हा नव्या होत्या आणि जो तो काही ना काही चढवत होता. परवानगी घ्यायची असते हे ओळखीतल्या कुणाच्या मनातही येत नसे. माझ्या मनातही आलं नाही. बहिणीला नागपुरात बाळ झालं होतं, तिला पाठवायला सोपं जावं एवढाच हेतू. सीडीवरचं संगीत मी कॉम्प्युटरवर घेतलं, त्याला फ्लॅगस्टाफच्या सहलीतले बर्फाचे फोटो जोडले. साइट दहा मिनिटांपेक्षा लांब काही घेत नव्हती, म्हणून दहाव्या मिनिटाच्या जरा आधी जिथे सुरावट खाली येऊन टेकते तिथे कापून टाकलं. संगीतकाराचं नाव तबकडीवरून अक्षर अक्षर बघून टाइप केलं. शीर्षकात ते दोन टिंबांचे शब्द मला टाइप करता येईनात, म्हणून मी माझंच शीर्षक दिलं, इंग्रजीत. त्याचा अर्थ असा की या संगीताने माझं बाळ झोपतं, तुमचंही झोपेल.

पहिला महिना बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणींपलीकडे कोणी बघितलं नाही. मग मार्चमध्ये एके दिवशी सहज उघडलं तर खाली प्रतिक्रियांची रांग. ब्राझीलमधली एक आई लिहीत होती की जुळी मुलं पहिल्यांदा एकाच वेळी झोपली. मिनेसोटातल्या एका नर्सने लिहिलं होतं की ती हे वॉर्डात लावते. कोणी ट्रकचालक, कोणी परीक्षेला बसलेला विद्यार्थी, कोणी आजोबा. मला वाटलं, कुणीतरी गंमत करतंय. पण आकडा रोज वाढत होता, आठवड्याला दुप्पट होत होता. आईपणाबद्दल लिहिणाऱ्या कुठल्याशा प्रसिद्ध ब्लॉगवर त्याची लिंक गेली आणि मग तर तो आवरेनासाच झाला. लोक संगीतकाराचं नाव शोधू लागले. कुणीतरी त्याच्या नावाचं चाहत्यांचं पान काढलं. त्याच्या इतर रचना साइटवर दिसू लागल्या, त्यांच्यावरही 'झोपेसाठी उत्तम' असं लिहिलेलं.

नवऱ्याला भारी कौतुक. महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तो प्रत्येकाला सांगत सुटला, "अरे यार, हिने फिनलंडचा एक कंपोझर फेमस केला!" बायका येऊन माझ्याकडून लिंक लिहून घेत होत्या. मीही खूश होते, खोटं का सांगू. इथे आल्यापासूनच्या दीड वर्षात पहिल्यांदाच मी काहीतरी केलं होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मुलगी झोपली असताना मी प्रतिक्रिया वाचत बसले होते. सगळ्यांच्या वर एक नवी होती. लिहिणारी फिनलंडमधली चेलो शिकवणारी बाई होती. इंग्रजी सरळ आणि मोजकं. तिने विचारलं होतं, हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? आणि पुढे तिनेच सांगितलं होतं. या रचनेचं नाव 'एकोणीस संध्याकाळी'. संगीतकाराचा पहिला मुलगा सात महिन्यांचा असताना हॉस्पिटलात होता, एकोणीस दिवस. वडिलांना रोज संध्याकाळी एक तास त्याच्याजवळ बसू देत. तेवढ्या वेळात ते त्याला एक छोटी सुरावट गुणगुणून दाखवत. रचनेत ती एकोणीस वेळा येते. एकोणिसाव्या वेळी अर्धवट थांबते. मूल त्या संध्याकाळी गेलं.

मी ते वाचलं आणि मला पहिल्यांदा ऐकू आली ती शेजारच्या खोलीतली सीडी. प्रतिक्रियांच्या नादात ती बंद करायची राहून गेली होती. मी धावत जाऊन बंद केली. मुलीच्या नाकाखाली बोट धरलं. ती गाढ झोपली होती, गाल गरम होते, मी हात लावल्यावर तिने तोंड वाकडं केलं. तरी मी तिला उचललं, उठवलं आणि ती रडायला लागली तेव्हाच माझ्या जिवात जीव आला. नऊ महिन्यांच्या माझ्या मुलीला मी सात महिने रोज एका बाळाचं मरण ऐकवून झोपवलं होतं. आणि एवढ्याने भागलं नव्हतं, ब्राझीलपासून मिनेसोटापर्यंत ते वाटलं होतं.

आईला फोन केला. तिकडे पहाट होती, ती नुकतीच उठली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मीठ-मोहरी घे, ओवाळून टाक, आणि ती तबकडी घरातून बाहेर काढ. मी मीठ-मोहरी ओवाळली. केमिस्ट्रीची मास्तरीण मी, पण ओवाळली. सीडी डबीत घातली, मुलीला गाडीत बसवलं आणि काकांच्या घरी गेले.

काका मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. मी सीडी पुढे धरली आणि त्यांना कळलं. मला काही विचारावंच लागलं नाही. ते आत गेले, टेबलाच्या खणातून एक पातळ पुस्तिका काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. सीडीबरोबरची पुस्तिका. पहिल्याच पानावर सगळं छापलेलं होतं, इंग्रजीतसुद्धा.

"ती मीच काढून ठेवली होती," काका म्हणाले. "नव्या बाळंतिणीच्या हातात देण्यासारखी नव्हती ती. संगीत देण्यासारखं होतं."

मी चिडले. इतकी की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मोठ्या माणसाशी असं बोलायचं नसतं हे कळत असूनही मी बोलले. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत, माझ्या घरात तुम्ही मरण आणून ठेवलंत. काकांनी ते ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की त्या माणसाने ती सुरावट मुलाला झोप लागावी म्हणून रचली होती, मूल जावं म्हणून नव्हे. तुझ्या मुलीने त्यातलं बरोबर तेवढंच घेतलं. "पण तू ते जगाला वाटशील हे मला कुठे माहीत होतं?" एवढं म्हणून ते खाली बसले. पाण्याचा पाइप अंगणात तसाच वाहत होता, तो काकूंनी जाऊन बंद केला.

त्या दिवशी घरी येऊन मी व्हिडिओ काढून टाकायला बसले. काढायच्या बटणावर बाण नेऊन थांबले. नवरा म्हणाला, आधी त्या माणसाला विचार. त्याचं आहे ना ते? मला आश्चर्य वाटलं ते याचं की इतक्या महिन्यांत, त्याच्या नावाचा एवढा बोलबाला होत असताना, त्याला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो खरोखर कुठेतरी राहतो, सकाळी उठून कॉफी पितो, असं मी त्याला धरलंच नव्हतं. त्याच्या प्रकाशकाच्या वेबसाइटवर एक पत्ता सापडला. तीन दिवस मी पत्र लिहीत होते. शेवटी साधंच लिहिलं: मी कोण, काय केलं, मला माहीत नव्हतं, मला क्षमा करा, आता मी काय करू ते सांगा.

तीन आठवडे काही आलं नाही. तेवढ्यात व्हिडिओ आणखी पसरला. फिनलंडमधल्या एका वर्तमानपत्राने संगीतकारावर लेख लिहिल्याचं त्या चेलोवाल्या बाईने कळवलं. लेखात त्याला अंगाईवाला संगीतकार म्हटलं होतं. ते वाचून मला वर तोंड करून बघायची लाज वाटू लागली. मी सीडी लावणं बंद केलं होतं आणि मुलगी दुपारची झोपेनाशी झाली होती.

मग मेमध्ये एका सकाळी त्याचं उत्तर आलं. ते पत्र मी आजवर नवऱ्याशिवाय कुणाला दाखवलेलं नाही, पण त्यात काय होतं ते सांगते.

त्याने लिहिलं होतं की उत्तराला उशीर झाला कारण तो तीन आठवडे रागावलेला होता, आणि अजूनही थोडा आहे. ही रचना पहिल्यांदा वाजवली गेली तेव्हा त्याची बायको मध्येच उठून सभागृहाबाहेर गेली होती. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. त्या दिवसानंतर तिने ती कधीच ऐकली नाही. घरात त्या रचनेचं नावही निघत नसे. त्यांना नंतर एक मुलगी झाली, तिला आता तान्हं बाळ आहे. कुणा मैत्रिणीने तिला बाळासाठी म्हणून माझ्या व्हिडिओची लिंक पाठवली. वडिलांचं नाव आणि वरचं माझं शीर्षक पाहून ती संतापली. तो संताप घेऊनच ती आईकडे गेली, लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाली, बघ लोक काय करतात. आई बसून राहिली. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे माझ्या शेवटापर्यंत. आणि म्हणाली, पुन्हा लाव.

पुढचं वाक्य मला शब्दशः आठवतं. त्याने लिहिलं होतं, "तुम्ही ते चौदाव्या संध्याकाळनंतर कापलं आहे. चौदाव्या संध्याकाळी डॉक्टर आम्हाला म्हणाले होते की रविवारी त्याला घरी नेता येईल."

मी ते वाचून उठले आणि पाणी प्यायले. परत येऊन पुन्हा वाचलं. दहा मिनिटांच्या मर्यादेत बसावं म्हणून मी माउसने एक रेघ ओढली होती. कुठे ओढली याचा क्षणभरही विचार केला नव्हता.

त्याची बायको आता रोज ते ऐकते, असं त्याने लिहिलं होतं. का ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला त्याने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. रचनेचं खरं नाव वर लिहा. आणि शेवट जोडू नका. खाली सहीच्या आधी त्याने विचारलं होतं, तुमची मुलगी कितव्या वेळेला झोपते?

मी कळवलं, दहाव्या.

त्या दोन टिंबांची अक्षरं कशी उमटवायची ते नवऱ्याने शोधून दिलं. मी खरं नाव लिहिलं, खाली चार ओळींत हकिकत लिहिली. मग प्रतिक्रियांचं पारडंच फिरलं. काहींनी आभार मानले. पण बऱ्याच आया माझ्यासारख्याच हादरल्या होत्या आणि त्यांचा राग माझ्यावर होता. एकीने लिहिलं की तुम्ही माझ्याकडून माझ्या मुलाच्या झोपेची आठवण हिरावून घेतलीत. एकीने लिहिलं, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? आणि त्या संगीताची लोकप्रियता मात्र तसूभरही कमी झाली नाही, उलट वाढली. माझ्या व्हिडिओवरून लोकांनी आपापल्या नकला केल्या होत्या, जुन्याच शीर्षकाच्या, कुणाच्यात फुलपाखरं, कुणाच्यात ढग. त्या कुणाच्या हातात राहिल्या नव्हत्या. मी तशा बऱ्याच जणांना निरोप पाठवले. दोघांनी नाव बदललं.

पुढच्या हिवाळ्यात, २००८च्या फेब्रुवारीत, काकूंचा फोन आला. मेसामधल्या एका चर्चच्या सभागृहात हौशी वादकांचा एक गट ती रचना वाजवणार होता, रविवारी दुपारी. काकांना यायचं होतं पण ते मला विचारायला कचरत होते. त्या अंगणातल्या दिवसानंतर आमचं बोलणं होतं, पण जपून. मी म्हटलं, आपण सगळे एकाच गाडीतून जाऊ.

सभागृहाच्या बाहेर स्ट्रोलर्सची रांग होती. मला आधी वाटलं, शेजारी काही बारसं-बिरसं आहे. आत गेलो तर अर्ध्या खुर्च्यांवर तान्ही मुलं. मांडीवर, खांद्यावर, कापडी झोळीत. जाहिरातीत कुणीतरी लिहिलं होतं, इंटरनेटवरची लाडकी अंगाई, मुलांना घेऊन या. मी दारातच थांबले. काकांनी माझ्या कोपराला धरून मला खुर्चीपर्यंत नेलं.

गटाच्या प्रमुखाने माहितीपत्रक मात्र नीट लिहिलं होतं. खरं नाव, एकोणीस दिवस, सगळं. मी पत्रक वाचत नव्हते, वाचणाऱ्यांना बघत होते. पुढच्या रांगेतली एक बाई एका हाताने बाळाला थोपटत दुसऱ्या हाताने पत्रक धरून वाचत होती. तिचा थोपटणारा हात थांबला. तिने ते नवऱ्याला दिलं. डावीकडून कुजबुज सुरू झाली, मग मागून. दोघी-तिघी मुलांना उचलून बाहेर गेल्या. बाकीच्या राहिल्या. आणि वादकांनी सुरुवात केली.

मी मोजत होते. दहाव्या वेळेला सभागृहातली बरीच मुलं झोपली होती. माझी जागी होती, वीस महिन्यांची, काकूंच्या बांगड्या फिरवत. चौदावी आली, खाली येऊन टेकली, आणि मला थांबल्यासारखं वाटलं. पण पंधरावी सुरू झाली. ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. सुरावट तीच, फक्त चढताना पोचत नव्हती. सोळाव्यात मागची वाद्यं एकेक करून गळू लागली. अठराव्यात उरला फक्त चेलो. वाजवणारा पन्नाशीचा, शाळेत शिक्षक असावा असा माणूस होता. एकोणिसावी सुरू झाली, वर गेली, जिथे ती नेहमी थबकते तिथे थबकली, आणि खाली आलीच नाही. त्याने धनुकली तारेवरून उचलली आणि तशीच धरून ठेवली. कुणी टाळी वाजवली नाही. एक मूल झोपेत सुस्कारलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

काका माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. एवढंच.

पार्किंगमध्ये ती पुढच्या रांगेतली बाई आमच्या शेजारच्याच गाडीत बाळाला बसवत होती. तिचं बाळ झोपलेलंच होतं. ती नवऱ्याला सांगत होती की ज्या कुणी हे बाळांसाठी म्हणून टाकलं ते माणूस निर्दय असलं पाहिजे. मला पुढे निघून जाता आलं असतं. माझ्या नवऱ्याने मला तसं खुणावलंही. पण मी थांबले आणि म्हटलं, "ते मी टाकलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या मुलीकडे. मी तिला सगळं सांगितलं, कॉलिक, कापलेला शेवट, पत्र, ती बायको. त्याच्या बायकोबद्दल मी पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगत होते. तिचा राग गेला असं मी म्हणणार नाही. ती गाडीच्या उघड्या दाराला टेकून उभी राहिली. मग तिने मला विचारलं, "मग आता आज संध्याकाळी मी याला काय लावू?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. माझ्या घरी काय होतं तेवढं सांगितलं. मी आता पुन्हा लावते, मुलीनेच हट्ट धरला म्हणून. ती दहाव्या वेळेला झोपते, आणि मी चौदाव्यापर्यंत थांबते. तिने ऐकलं, मान हलवली, गाडीत बसली आणि गेली. तिने काय केलं मला कधी कळलं नाही.

त्याच उन्हाळ्यात सीडी काढणाऱ्या कंपनीच्या तक्रारीवरून माझा व्हिडिओ साइटने काढून टाकला. तक्रार रास्त होती. मी संगीतकाराला कळवलं. या वेळी उत्तर त्याच दिवशी आलं, एका ओळीचं. बायकोसाठी त्याने तो आधीच घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता.